पातीचे चौसष्ट दिवस

मंडईत जुडीनं विकल्या जाणाऱ्या भाज्यांमध्ये पातीचा कांदा सर्वांत फसवा. मेथी चांगली की वाईट ते पानाकडे बघून कळतं, कोथिंबीर वासानं स्वतःची ओळख देते. पातीची जुडी मात्र बाहेरून हिरवीगार, पाणी मारलेली, टवटवीत असते; घरी येऊन दोरा सोडला की आतून दोन-तीन पिवळ्या आणि एखादी बुळबुळीत पात निघते. ती एक पात उरलेल्या जुडीला दोन दिवसांत आपल्या पंथाला लावते. बरं, आपल्याला दर वेळी अख्खी जुडी कुठे लागते? पिठल्यावर पेरायला चार काड्या, अंड्याच्या पोळीत दोन, नातवंडांच्या त्या फ्राइड राइसवर पाच-सहा. उरलेली फ्रिजमध्ये पडून राहते आणि शेवटी घंटागाडीत जाते.

जी भाजी थोडी थोडी पण वारंवार लागते ती मंडईत नव्हे, खिडकीत असावी, हा साधा हिशेब आहे. माझी उमर हिशेबात गेली (कादंबऱ्या त्यातूनच चोरलेल्या वेळात लिहिल्या), म्हणून तो मला सुचला असं नाही. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत आज कुंडीत कांदा खोचलेला दिसतो. कोंब आलेला कांदा फेकवत नाही म्हणून कुणी मातीत पुरतो, कुणी जुडीची मुळं बोटभर ठेवून ती पाण्याच्या पेल्यात उभी करतो. दोन्हीला पात येते, आणि लवकर येते. पण कांदा पुरून पात काढणं म्हणजे मुदत ठेव मोडून खाणं. शेतात चार महिने पानांनी जे अन्न तयार करून गड्ड्यात साठवलं, तेच तो कांदा तीन-चार आठवड्यांत पातीत ओततो आणि रिकामा होतो. शिवाय थंडीत असा जुना कांदा पुरला की मधूनच एक जाड पोकळ दांडा वर येतो. त्याला आमच्या नाशिककडे डेंगळा म्हणतात. डेंगळा आला की पात चिवट होते. पेल्यातल्या मुळांचं आयुष्य तर दोन कापण्यांचं. तिसऱ्या वेळी पाण्यालाच वास सुटतो.

पात खरी खायची तर ती बियापासून वाढवलेली. पांढरा भाग पेन्सिलीएवढा, गड्डा अजून धरायचा आहे, पात कोवळी आणि आतून ओलसर. लोक बियाच्या वाटेला जात नाहीत याचं कारण त्यांना वाटतं की हे काम शेतकऱ्यांचं. ते शेतकऱ्यांचं आहेच. पण दीड फूट बाय दोन फुटांच्या क्रेटमध्येही ते होतं, आणि ते करताना शेतकऱ्याच्या एका मोठ्या काळजीची ओळख होते. त्या काळजीकडे मी पुढे येणारच आहे.

आधी थोडं नावाविषयी. हल्ली रोपवाटिकांतून आणि दुकानांतून ‘स्प्रिंग अनियन’, ‘बंचिंग अनियन’ अशी रंगीत पाकिटं मिळतात. त्यांतल्या काहींत आपला नेहमीचा कांदाच असतो, फक्त कोवळा उपटण्यासाठी निवडलेल्या जातीचा. इंग्लंडमध्ये प्रसिद्ध असलेली ‘व्हाइट लिस्बन’ ही अशीच. काहींत मात्र वेगळीच वनस्पती असते. चीन-जपानकडचा हा कांदा गड्डा धरतच नाही, वर्षानुवर्षं बेटासारखा फुटत राहतो. जपानी लोक त्याला नेगी म्हणतात. दोन्ही चांगले. पण पाकिटावरच्या सूचना थंड देशांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत मार्चमध्ये पेरा असं सांगितलेलं असतं. नागपूरकरानं ते ऐकलं तर एप्रिलअखेर क्रेटमध्ये केवळ माती राहील. मला विचाराल तर कृषी सेवा केंद्रात मिळणारं आपलं साधं कांद्याचं बी घ्यावं. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आलेली बसवंत ७८० किंवा एन-२-४-१, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या ‘भीमा’ घराण्यातली कुठलीही. पातीसाठी जातीचा फार बाऊ करण्याचं कारण नाही. फक्त लहान पाकीट मागा. शेतकऱ्याला हेक्टरी आठ ते दहा किलो बी लागतं. आपल्याला एक ग्रॅम पुरून उरतं.

एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे बिया असतात. काळ्या, टोकेरी, सुरकुतलेल्या. या रूपामुळे एक गंमत घराघरांत होते. स्वयंपाकघरातल्या कलौंजीला आपल्याकडे पुष्कळ लोक ‘कांद्याचं बी’ म्हणतात. ते कांद्याचं बी नव्हे. कलौंजीचा कांद्याशी काडीचाही संबंध नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी नानच्या सामानातली मूठभर कलौंजी मोठ्या श्रद्धेनं पेरली. उगवलीही छान, पण वर आली ती शेपूसारखी झिरमिळी पानं. महिनाभर त्या पात कधी येते ते बघत होत्या. पुढे त्याला निळसर-पांढरी नाजूक फुलं आली आणि वहिनींनी ती देवाला वाहिली, म्हणजे अगदीच वाया गेलं असं नाही.

आता मुहूर्ताची गोष्ट. कांद्याचे आपल्याकडे तीन हंगाम. पावसाळी किंवा पोळ कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि थंडीत लावून उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचा उन्हाळी. घरगुती पातीला सर्वांत सोपा काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचा. पण आमच्या घरात एक जास्त नेमका मुहूर्त पाळला जातो. आमचं कुळदैवत खंडोबा. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा असतो. चातुर्मासात कांदा-वांगं सोडणारी अनेक घरं कार्तिकी एकादशी झाली तरी थांबतात आणि चंपाषष्ठीचा नैवेद्य दाखवूनच पहिला घास घेतात. आता पंचांग काढून मोजा. आश्विन शुद्ध प्रतिपदा ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे घटस्थापना ते चंपाषष्ठी, हे अंतर चौसष्ट-पासष्ट दिवसांचं. आणि बी टाकल्यापासून पात उपटण्याजोगी व्हायला साठ ते सत्तर दिवस लागतात. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरायचं त्याच सकाळी गॅलरीतल्या क्रेटमध्ये कांद्याचं बी टाकायचं, हा आमच्या सौभाग्यवतींनी घातलेला पायंडा आहे. तो मोडायची माझी प्राज्ञा नाही.

पेरण्याआधी मात्र एक काम करायचं आणि ते टाळायचं नाही. बी जिवंत आहे का ते बघायचं.

गहू, हरभरा यांचं बी व्यवस्थित ठेवलं तर पुढच्या वर्षीही बऱ्यापैकी उगवतं. कांद्याचं बी भाजीपाल्यातल्या सर्वांत अल्पायुषी बियांपैकी आहे. साध्या घरात, आपल्या दमट पावसाळ्यातून गेलेलं बी वर्षभरातच मान टाकतं. दिसायला तसंच काळंभोर, हाताला तसंच कडक. आत जीव नसतो. प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवण आणि आठ टक्क्यांपेक्षा कमी ओलावा अशी अट आहे ती यासाठीच.

नव्वदच्या दशकात मी निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. पीककर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवर मागे बसून वस्त्यांवर जावं लागे. एका शेतकऱ्यानं मुदतवाढीचा अर्ज केला होता म्हणून त्याच्या रानात गेलो. त्यानं उळं टाकलं होतं; कांद्याचं बी गादीवाफ्यावर पेरण्याला तिकडे तसं म्हणतात. दोन एकरांच्या रोपासाठीचे वाफे होते आणि त्यांत जागोजाग टक्कल. दहात दोन बिया उगवल्या असतील नसतील. ज्यानं बी विकलं तो दुकानदार म्हणत होता, पाणी जास्त झालं. पाणी जास्त झालं असतं तर उगवलेली रोपं माना टाकून पडलेली दिसली असती. इथे तर उगवलंच नव्हतं. पण तोवर तीन आठवडे गेले होते आणि शेतात हंगाम हा असा एकच कर्जदार आहे ज्याला मुदतवाढ मिळत नाही.

बांधाला लागून ज्यांचं रान होतं त्या आजी आमचं बोलणं ऐकत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “सायेब, आमी बी घेतलं की आधी फडक्यात बांधतो. फडकं खोटं बोलत नाही.” मग त्यांनी ते फडकं दाखवलं. जुन्या धोतराचा तुकडा, भिजवून पिळलेला, त्यात शंभर बिया मोजून ठेवलेल्या, वर गुंडाळी करून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलेली. “शंभर का मोजता आजी?” मी विचारलं. “मंग टक्का काढायला सोपं जात नाय व्हय?” आणि बँकेच्या माणसाला हे सांगावं लागतं याचं त्यांना मनापासून हसू आलं.

तालुक्यातल्या त्या आजींची पद्धत आणि प्रयोगशाळेची पद्धत यांत फरक फक्त काचेच्या ताटलीचा आहे. प्रयोगशाळेतही ओल्या कागदावर बी ठेवतात, सहाव्या दिवशी पहिली मोजणी करतात आणि बाराव्या दिवशी शेवटची. आपण घरी वीस बिया घेतल्या तरी चालेल. चौदा उगवल्या तर बी कसाला उतरलं. दहा उगवल्या तर दाट पेरा. पाच उगवल्या तर पाकीट दुकानदाराला परत द्या. आणि हे घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी करा, म्हणजे पितृपक्षातल्या रिकाम्या दिवसांना उद्योग मिळतो.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. त्यानं दूरच्या गावाहून तयार रोप विकत आणलं, तेही एका एकरापुरतंच मिळालं. लागवड उशिरा झाली. कर्जाचे हप्ते बांधून देता आले, ते दिले. बियाण्याची तक्रार मात्र त्यानं केली नाही. कारण तक्रारीसाठी बियाण्याचा नमुना लागेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यानं तर सगळं बी मातीत टाकलं होतं. आज तो मला भेटला तर मी त्याला सांगेन की बियाणे कायदा १९६६ पासून आहे, पिशवीवरच्या उगवणीच्या आकड्याला विकणारा बांधील असतो. आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे की निकृष्ट बियाण्याची दाद शेतकरी ग्राहक न्यायालयात मागू शकतो, तपासणीसाठी बी राखून ठेवलं नाही एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळता येत नाही. पेरायला घेतलेलं बी तो पेरणारच, ही साधी गोष्ट. पण ती ठरायला २०१२ साल उजाडलं.

बियाची टंचाई पडली की काय होतं ते २०२० मध्येही दिसलं. पावसानं रोपं गेली, लोक दुसऱ्यांदा बी शोधत फिरू लागले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारला कांद्याच्या बियाण्याची निर्यातच थांबवावी लागली. कांद्याचा भाव चढला की शहरात बातमी होते. १९९८ मध्ये तर दिल्लीतलं राज्य सरकार गेलं त्यात कांद्याचा वाटा होता असं सगळेच म्हणतात. कांद्याचं बी उगवलं नाही याची बातमी मात्र तालुक्याच्या पानावरच राहते. असो. क्रेटकडे वळू.

क्रेट, थर्माकोलचं खोकं, तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापून, काहीही चालतं. खोली वीतभर हवी, कारण कांद्याची मुळं उथळ, पांढऱ्या दोऱ्यांसारखी, फारशी फाटे न फुटणारी असतात. खोल माती देऊन त्यांना काही उपयोग नाही. खाली भोकं हवीतच. मातीचं म्हणाल तर नुसती माती भरू नका. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. गॅलरीच्या कठड्यावर असे चार डबे ठेवण्याआधी हा आकडा घरातल्या सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवावा. तिसरा हिस्सा माती, तिसरा हिस्सा नारळाचा भुसा आणि तिसरा हिस्सा गांडूळखत घेतलं की वजन निम्म्यावर येतं आणि पाणी साचत नाही.

बोटानं रेघा ओढा, दोन रेघांत चार बोटं अंतर. एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. दीड फूट रुंद नि दोन फूट लांब क्रेटमध्ये लांबीच्या बाजूनं चार ओळी बसतात, ओळीत इंचाला एक रोप धरलं तर शंभराच्या आसपास रोपं. सत्तर टक्के उगवणीचं बी असेल तर सव्वाशे-दीडशे बिया, म्हणजे अर्धा ग्रॅम. वरून चाळलेलं खत भुरभुरायचं, झारीनं हलकं पाणी द्यायचं आणि ओलं गोणपाट झाकायचं. नवरात्रात परतीचा पाऊस असतो. क्रेट वळचणीखाली असू द्या. एका सरीत सगळं बी कोपऱ्यात गोळा होतं.

सहाव्या ते दहाव्या दिवसांत जे दिसतं त्यासाठी सगळा खटाटोप केला तरी वसूल आहे. कांदा सरळ उगवत नाही. आधी मातीतून एक गुडघा वर येतो. दोरा दुमडून सुईत ओवताना जसा दिसतो तसा, हिरवा, वाकलेला. त्याचं एक टोक मुळाकडे गेलेलं असतं आणि दुसरं टोक अजून बियातच अडकून त्यातलं अन्न ओढत असतं. दोन-तीन दिवसांनी ते दुसरं टोक सुटतं, सरळ होतं आणि रिकामं काळं टरफल डोक्यावर टोपीसारखं घेऊन उभं राहतं. शंभर हिरव्या सुया नि प्रत्येकीच्या टोकाला काळी टोपी. माझी सहा वर्षांची नात दरवर्षी कुणाची टोपी आधी पडते त्याच्या पैजा लावते. गुडघे दिसू लागले की गोणपाट काढायचं, तेही संध्याकाळी, भर उन्हात नव्हे.

पहिले तीन आठवडे फार हळू जातात. या काळात दोन शत्रू. एक म्हणजे जास्त पाणी. दाट पेरून वरचेवर पाणी घातलं की रोपं जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात. हा मर रोग. त्यावर उपाय विरळ पेरणं, सकाळीच पाणी देणं आणि मातीचा वरचा थर वाळला की मगच पुन्हा देणं. कमी पाण्याचा आणखी एक फायदा असा, की खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर मातकट थेंब पडत नाहीत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘वरून पडणारे पाणी’ हा विषय सलग दोन वर्षं होता. क्रेटखाली जुने ट्रे ठेवले आणि पहिल्या चंपाषष्ठीला काकूंकडे पातीची एक जुडी पोचवली, तेव्हापासून तो विषयपत्रिकेतून गेला.

दुसरा शत्रू तण. हा कुंडीत कमी आणि जमिनीवरच्या वाफ्यात फार. ज्यांच्याकडे बंगल्यामागे तीन बाय सहा फुटांची जरी जागा असेल त्यांनी सरळ तिथे पेरावं. पात जोमदार येते, पाणी कमी लागतं. पण कांद्याचं पान उभं आणि बारीक. ते जमिनीवर सावली धरत नाही, म्हणून तणाला रान मोकळं. त्यात लव्हाळा असा बेरकी की कांद्याच्या ओळीत कांद्यासारखाच उभा राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. देठ दोन बोटांत धरून फिरवा. पात गोल फिरते; लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा असतो, बोटाला टोचतो. तरी शंका आली तर चुरगळून वास घ्या. लव्हाळ्याला सगळं जमतं, कांद्याचा वास जमत नाही.

ऊन पाच-सहा तास हवंच. उत्तरेच्या गॅलरीत पात लांब वाढते आणि लोळते. तिथे पुदिना लावावा, कांद्याचा हट्ट धरू नये. महिन्यानं दाट रोपं उपटून विरळणी करायची. ही उपटलेली काडीएवढी रोपं हीच पहिली कमाई, ताकातल्या कोशिंबिरीत ती फार छान लागतात. याच सुमारास ओंजळभर गांडूळखत ओळींमधून पसरायचं. पातीवर चांदीसारखे बारीक ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायची. बाजारातली औषधं शेतासाठी ठीक; चार दिवसांनी आपणच खाणार त्या पातीवर ती मारण्यात मला शहाणपण वाटत नाही.

कोकणात आणि मुंबईत पाऊस लांबतो, हवा दमट असते. तिथे घटस्थापनेची घाई न करता दिवाळीनंतर पेरलं तर बरं. अलिबागचा पांढरा कांदाही भात निघाल्यावरच शेतात येतो. कार्ले-खंडाळ्याकडच्या या गोडसर कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात तेव्हा गाडी थांबवली नाही असा मुंबईकर मी पाहिलेला नाही. विदर्भात थंडी चांगली पडते, तिथे नोव्हेंबरचं पेरलेलं फेब्रुवारीपर्यंत झकास चालतं. उन्हाळ्यात मात्र कुठेच जोर करू नये. दिवस मोठा होत गेला आणि ऊन तापलं की आपला कांदा गड्डा धरायच्या मागे लागतो, पात वाढायची थांबते.

साठाव्या दिवसाच्या आसपास पात वीत-दीड वीत होते. मुळासकट उपटायची की कापायची हा घराघरांतल्या मतभेदाचा विषय. कांद्याचं पान बुडातून वाढतं, टोकातून नाही. त्यामुळे जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापली तर तीच पात पुन्हा वर येते. दोनदा, फार तर तीनदा. आमच्याकडे निम्मा क्रेट कापायचा आणि निम्मा उपटायचा असा तह आहे. चंपाषष्ठीचा नैवेद्य मात्र उपटलेल्याच पातीचा, पांढऱ्या मुळांसकट धुतलेल्या. तळी भरून झाली, आरती झाली, की भाजलेल्या वांग्याच्या भरितावर ती कच्ची बारीक चिरून पडते, आणि जवळजवळ पाच महिने कांद्याविना काढलेल्या घरात तो वास पसरतो त्याचं वर्णन कादंबरीकारानंही करू नये.

एरवीच्या दिवसांत पातीची पीठ पेरून केलेली भाजी. तिच्याबद्दल एकच सूचना. डाळीचं पीठ आधी कोरडं भाजून घ्या आणि पात कढईत पडल्यावर झाकण ठेवू नका. झाकण ठेवलं की हिरवा रंग गेला आणि पाणी सुटलं.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षीच्या बियाचा. ते घरी धरता येतं का? येतं, पण त्याला सव्वा वर्ष लागतं. ज्या रोपांना थंडीत लवकर डेंगळे आले त्यांचं बी धरायचं नाही. तसं केलं तर पुढची पिढीही तशीच उतावळी निघते. उन्हाळी कांद्यांतले घट्ट, एकसारख्या आकाराचे, पातळ मानेचे दहा-बारा कांदे निवडायचे, ते नोव्हेंबरपर्यंत टिकवायचे आणि मग पुरायचे. टिकले तेच बियाला योग्य, ही निवडसुद्धा त्यातच होऊन जाते. जानेवारी-फेब्रुवारीत दांडे निघतात, टोकाला पांढरे गोल गोंडे फुलतात. एकेका गोंड्यात शेकडो फुलं. प्रत्येक फुलातला पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणजे फुलाला स्वतःच्याच परागाचा उपयोग नाही. दुसऱ्या फुलाकडून आणणारी माशी लागते. आणि मधमाशीला कांद्याचा मध विशेष आवडत नाही, त्यात पोटॅशियम फार असतं. जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली तर ती कांद्याकडे फिरकतच नाही. बियाचं पीक घेणारे शेतकरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात आणि फुलोऱ्यात औषध मारत नाहीत ते याचसाठी.

कांद्याच्या फुलाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स या शास्त्रज्ञाला लाल कांद्याचं एक झाड असं दिसलं की त्याला बीच धरत नव्हतं. त्याचा पराग वांझ होता. दुसरा कुणी असता तर ते उपटून टाकलं असतं. त्यानं गोंड्यावर आलेल्या बारीक कंदिकांवरून ते झाड वाढवत ठेवलं आणि जगातल्या संकरित कांद्याचं बी तयार करण्याची पद्धत त्यातून निघाली. आपल्याकडे अजूनही बहुतेक कांदा सरळ जातींचाच, आणि पुष्कळ शेतकरी बी घरचंच धरतात. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं तो हक्क त्यांना लेखी दिला आहे. बी राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंही, फक्त नोंदणीकृत वाणाचं बी त्या नावाचा छाप मारून विकायचं नाही.

चौथ्या मजल्यावर मधमाश्या येतील का याची मला शंका होती. आल्या, मोठ्या नाही, त्या लहान फुलोरी माश्या. गेल्या एप्रिलमध्ये गोंडे तपकिरी होऊन त्यांतून काळे दाणे डोकावू लागले तेव्हा दांड्यासकट कापले, कागदी पिशवीत घालून आठ दिवस सावलीत वाळवले, चोळले, पाखडले. पाच-सहा चमचे बी निघालं. काचेच्या कोरड्या बाटलीत, तळाशी भाजून गार केलेले चार चमचे तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून, घट्ट झाकण लावून ते फ्रिजच्या दारात ठेवलं. यंदा पितृपक्षात फडक्यात शंभर मोजले. बाराव्या दिवशी ब्याऐंशी उगवलेले होते. मी बाटलीवर तारीख आणि ‘८२’ एवढंच लिहिलं होतं. त्याखाली सौभाग्यवतींनी जाड पेननं भर घातली आहे : ‘कलौंजी नव्हे. भाजीत टाकू नये.’